काय कापायचं, काय जोडून ठेवायचं

तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडजवळ किंवा गॅरेजांच्या रांगेत 'रेडियम आर्ट' अशी पाटी लावलेलं एखादं दुकान हमखास सापडतं. मोटारसायकलच्या टाकीवर मुलीचं नाव, रिक्षाच्या काचेवर 'आईवडिलांचा आशीर्वाद', दुकानाच्या काचेवर कामाच्या वेळा असं सगळं तिथे करून मिळतं. पूर्वी कारागीर हे काम हातात ब्लेड धरून करत. आता टेबलावर एक लांबट मशीन असतं. दुकानदार संगणकावर अक्षरं लावतो आणि बटण दाबतो. मशीन चिकट विनाइलचा रोल पुढे-मागे ओढत राहतं आणि एक बारीक पातं अक्षरांच्या कडा कापत जातं. मग दुकानदार अक्षरांभोवतीचं विनाइल सोलून काढतो, उरलेल्या अक्षरांवर चिकट टेप दाबतो आणि अख्खी ओळ जशीच्या तशी उचलून काचेवर बसवतो.

याच मशीनचं लहान रूप गेल्या वीसेक वर्षांत घरातल्या टेबलावर आलं आहे. साधारण फूटभर रुंदीचा कागद त्यात मावतो. कार्डशीट, विनाइल, फेल्ट, काही मशीनमध्ये सुती कापडसुद्धा कापता येतं. गणपतीच्या मखराची जाळी, दिवाळीचा कंदील, बारशाचा नावफलक, रुखवतातली नक्षी, हळदीकुंकवाच्या वाणाची पाकिटं अशा कितीतरी गोष्टी त्यातून बनतात.

हे मशीन कसं चालतं ते या प्रकरणात पाहू. त्याबरोबर आणखी एक गोष्ट समजून घ्यायची आहे. कात्री चालवणाऱ्या हाताचं कौशल्य या मशीनने स्वतःकडे घेतलं, पण एक निर्णय त्याला घेता येत नाही. कापून झाल्यावर कुठला भाग कशाला जोडलेला राहणार, हे माणसालाच ठरवावं लागतं. ज्याला हे जमलं, त्याला हे मशीन वश झालं.

पेनाच्या जागी पातं

कापणाऱ्या मशीनचं मूळ रेषा काढणाऱ्या मशीनमध्ये आहे. संगणकाने केलेला आराखडा कागदावर उतरवण्यासाठी १९५९ साली अमेरिकेतल्या कॅलकॉम्प कंपनीने ५६५ क्रमांकाचा प्लॉटर बाजारात आणला. त्यात कागद एका नळकांड्यावर पुढे-मागे फिरे आणि पेन आडवं सरके. या दोन हालचालींच्या मेळातून हवी ती तिरकी किंवा वक्र रेषा निघे. एकाने उभं जायचं, दुसऱ्याने आडवं, हे तत्त्व आजही तसंच आहे.

१९८२ साली ह्यूलेट-पॅकार्डने ७४७०ए हा टेबलावर मावणारा प्लॉटर आणला. त्यात कागद नळकांड्याला गुंडाळायची गरज नव्हती. खरखरीत पृष्ठभागाची दोन छोटी चाकं आणि त्यांच्यावर दाबून बसणारे रूळ यांच्या चिमटीत कागदाच्या दोन कडा धरल्या जात. चाकं फिरली की कागद सरके. चाकांवरचे बारीक कण कागदात सूक्ष्म खळगे पाडत आणि कागद कितीही वेळा मागे-पुढे गेला तरी ते कण पुन्हा त्याच खळग्यांत बसत. त्यामुळे कागद घसरत नसे. आज घरगुती कटिंग मशीनमध्ये कागद धरून ठेवणारी चिकट मॅट आत ढकलल्यावर दोन्ही कडांना जे रूळ दिसतात, ते याच युक्तीचे वारसदार आहेत.

पेनाऐवजी पातं बसवण्याच्या कामात जोसेफ गर्बर हे नाव मोठं आहे. १९२४ साली व्हिएन्नात जन्मलेला हा ज्यू मुलगा नाझींच्या तावडीतून निसटून १९४० साली आईबरोबर अमेरिकेत पोहोचला. विद्यार्थी असतानाच त्याने आपल्या पायजम्याचं इलॅस्टिक काढून ताणली जाणारी मोजपट्टी बनवली. आलेखावरचे आकडे वाचायचं किचकट काम तिने सोपं केलं आणि तिच्यावरच त्याची कंपनी उभी राहिली. कपड्यांच्या कारखान्यात थरावर थर रचलेलं कापड संगणकाच्या आज्ञेने कापणारं यंत्र त्याच्या कंपनीने १९६० च्या दशकाच्या अखेरीस बनवलं. १९८० च्या दशकात तिने पाट्या रंगवणाऱ्यांसाठी विनाइलची अक्षरं कापणारी यंत्रं आणली. १९९४ साली गर्बर यांना अमेरिकेचं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळालं. आपल्याकडच्या रेडियमच्या दुकानातलं मशीन त्याच घराण्यातलं आहे.

युटामधले अल्बम

पाट्यांच्या दुकानातून हे यंत्र घरात शिरलं ते अमेरिकेतल्या युटा राज्यातून. तिथे मॉर्मन पंथाच्या लोकांची मोठी वस्ती आहे आणि कुटुंबाचा इतिहास नोंदवून ठेवण्याला त्या पंथात धार्मिक महत्त्व आहे. १९८० साली सॉल्ट लेक सिटीत भरलेल्या वंशनोंदींच्या जागतिक परिषदेत मेरिलीन क्रिस्टेन्सन यांनी आपल्या कुटुंबाचे सजवलेले अल्बम मांडले. फोटोंभोवती रंगीत कागदाची अक्षरं, फुलं, चौकटी लावून पानं सजवण्याचा छंद पुढे अमेरिकाभर पसरला आणि त्याच्याभोवती कागद, गोंद, ठसे, साचे यांची मोठी बाजारपेठ उभी राहिली.

एका अल्बमला शेकडो अक्षरं लागतात. ती कात्रीने कापायची तर बोटं दुखून येतात. आधी हाताने दांडा फिरवून धातूचे साचे दाबणारी यंत्रं आली, पण प्रत्येक आकाराला वेगळा साचा विकत घ्यावा लागे आणि आकार लहान-मोठा करता येत नसे. युटामधल्याच प्रोव्हो क्राफ्ट कंपनीने २००६ च्या सुमारास 'क्रिकट' हे छोटं इलेक्ट्रॉनिक मशीन आणलं. त्याला संगणक लागत नसे. अक्षरांची आणि चित्रांची कार्ट्रिज मशीनमध्ये घालायची, मशीनवरच्या कीबोर्डवर आकार निवडायचा आणि किती इंचांचा हवा ते सांगायचं. पुढे संगणकाशी जोडलेली मॉडेलं आली. २०१७ साली आलेल्या 'मेकर' मॉडेलला पात्यावर सुमारे ४ किलोंचा दाब देता येतो. त्यामुळे गोल फिरणारं पातं लावून सुती कापड आणि चाकूसारखं पातं लावून जाड पुठ्ठाही कापता येऊ लागला.

याच राज्यातली दुसरी कंपनी म्हणजे सिल्हूएट, जपानच्या ग्राफटेकच्या परिवारातली. जपानच्याच ब्रदर कंपनीने २०१३ साली 'स्कॅन-एन-कट' आणलं. त्यात स्कॅनर बसवलेला आहे. कागदावर हाताने काढलेलं चित्र ते स्वतः वाचतं आणि त्याच्या कडेने कापतं. घरातल्या लहान मुलाने काढलेला हत्ती तसाच्या तसा कापून मिळतो, संगणक सुरूसुद्धा करावा लागत नाही.

पातं वळतं कसं

मशीनमधलं पातं टंगस्टन कार्बाइडच्या काडीसारखं असतं आणि त्याचं टोक तिरकं घासलेलं असतं. पातळ विनाइलसाठी आणि कागदासाठी साधारण ४५ अंशांचं, जाड मालासाठी ६० अंशांचं. मोटर कागदाला पुढे-मागे आणि पात्याला डावी-उजवीकडे नेते, पण बहुतेक घरगुती मशीनमध्ये पात्याला वळवायला वेगळी मोटर नसते. ते आपलं आपण वळतं. काडीचा मध्य एका रेषेत असतो आणि पात्याचं टोक त्या रेषेपासून किंचित बाजूला, साधारण पाव मिलिमीटरवर असतं. ऑफिसच्या फिरत्या खुर्चीची चाकं आठवा. खुर्ची ज्या दिशेला ओढावी, तिकडे चाकं मागून आपोआप वळतात, कारण त्यांचा आस खुंटीपासून बाजूला असतो. पात्याचंही तेच होतं.

या रचनेमुळे एक अडचण येते. टोक मध्यापासून दूर असल्याने पातं कोपऱ्यावर लगेच वळू शकत नाही. चौकोन कापायला सांगितला तर कोपरे गोलसर येतील. म्हणून सॉफ्टवेअर त्या पाव मिलिमीटरचा हिशेब धरतं. कोपरा आला की पात्याला थोडं पुढे नेऊन छोट्या कमानीत फिरवतं आणि मग नव्या दिशेला लावतं. मशीनच्या सेटिंगमध्ये पात्याचा प्रकार चुकीचा निवडला तर हा हिशेब बिघडतो. अक्षरांचे कोपरे फाटलेले किंवा वाकडे दिसू लागले तर आधी हीच जागा तपासावी.

दुसरा हिशेब खोलीचा. पातं मालाच्या जाडीपेक्षा जेमतेम जास्त बाहेर आलेलं असावं. चिकट विनाइल सुमारे ०.०७ मिलिमीटर जाडीचं असतं आणि त्याच्या खाली मेणकट कागद असतो. पात्याने विनाइल पूर्ण कापावं आणि खालचा कागद नुसता चाटून जावं, तरच अक्षरं सोलून उचलता येतात. त्यामुळे नवा माल लावला की कोपऱ्यात एक छोटा चौकोन आणि त्यात त्रिकोण कापून पाहावा. त्रिकोण सहज सुटला आणि खालच्या कागदावर फक्त पुसट रेघ उमटली, तर दाब बरोबर आहे. अनुभवी कारागीरही ही चाचणी टाळत नाहीत, कारण एकाच कंपनीच्या दोन रंगांचं विनाइलही वेगळ्या दाबाला कापलं जातं.

मशीनला दिसणारी रेषा

मोबाइलवर काढलेला फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी. तो कितीही स्पष्ट असला तरी पात्याला त्यात वाट दिसत नाही. पात्याला रेषा लागते, म्हणजे इथून निघ, असं वळ, तिथे थांब. अशी रेषा गणिताने सांगणाऱ्या चित्राला व्हेक्टर चित्र म्हणतात. वक्र रेषा थोड्या बिंदूंत सांगण्याची पद्धत फ्रान्सच्या मोटार कारखान्यांत जन्मली. सित्रोएनमध्ये पॉल द कास्तल्जो यांनी १९५९ साली आणि रेनोमध्ये पिअर बेझिए यांनी १९६० च्या दशकात मोटारीच्या पत्र्याचे वक्र नेमके सांगता यावेत म्हणून ती शोधली. आज ती बेझिए वक्र म्हणून ओळखली जाते. एका वक्राला चार बिंदू पुरतात. दोन टोकांचे आणि दोन वळण ठरवणारे. कटिंग मशीनसाठी सर्वाधिक वापरला जाणारा एसव्हीजी हा फाइलप्रकार २००१ साली प्रमाण म्हणून जाहीर झाला. त्यातल्या रेषा याच पद्धतीने लिहिलेल्या असतात. म्हणून तीच फाइल २ सेंटिमीटरला कापली काय आणि २० सेंटिमीटरला कापली काय, कडा तितकीच गुळगुळीत येते.

फोटोतून व्हेक्टर बनवून देणारी सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते, पण ती वापरल्यावर चित्र मोठं करून पाहायला हवं. गुळगुळीत वाटणाऱ्या एका कडेवर तिथे शंभर बिंदू पडलेले असतात. प्रत्येक बिंदूवर पातं अडखळतं आणि कड खरबरीत होते. बिंदू कमी केले की कड सुधारते. या कामासाठी इंकस्केप हे मोफत सॉफ्टवेअर उत्तम आहे.

टॉपर, साचा, स्टिकर

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. एकच शब्द तीन प्रकारे कापता येतो आणि प्रत्येकात जोडणीचा नियम वेगळा असतो.

केकवर उभा करायचा टॉपर घ्या. तिथे अक्षरं वापरायची असतात आणि भोवतालचा कागद टाकून द्यायचा असतो. म्हणजे अक्षरं एकमेकांना जोडलेली हवीत, नाहीतर हातात सुटे तुकडे येतील. रांगोळीचा साचा घ्या. तिथे उलटं होतं. अक्षरांची भोकं पाडायची आणि भोवतालचा कागद वापरायचा. म्हणजे भोवतालचा कागद अखंड हवा. काचेवरचा स्टिकर घ्या. तिथे दोन्ही बंधनं नाहीत, कारण सुटे तुकडेही खालच्या कागदावर आणि नंतर टेपवर आपापल्या जागी चिकटलेले राहतात. काम सुरू करण्याआधी आपण या तिघांपैकी काय बनवतो आहोत हे स्वतःला विचारलं, तर निम्मा माल वाया जाण्यापासून वाचतो.

टॉपरसाठी देवनागरी लिपी फार सोयीची आहे. रोमन अक्षरं सुटी असतात, म्हणून त्या लिपीत लिहिणाऱ्यांना जोडअक्षरी वळणाचा फॉन्ट शोधावा लागतो किंवा खाली आधाराची पट्टी घालावी लागते. आपल्याकडे शिरोरेषा सगळा शब्द धरून ठेवते. मात्रा आणि वेलांट्या तिच्यावर बसतात, उकार अक्षराच्या तळाला जोडलेले असतात. 'ग', 'ण' आणि 'श' यांचे तर दोन-दोन सुटे भाग केवळ शिरोरेषेने एकत्र राहतात. आधुनिक दिसावं म्हणून शिरोरेषा काढून टाकली, तर 'गणेश' शब्दाचे तुकडे होतील. अनुस्वाराचं टिंब, 'ॐ'वरचा चंद्रबिंदू आणि वर्षाचे आकडे मात्र सुटे राहतात. टिंब थोडं खाली ओढून शिरोरेषेला टेकवावं आणि आकड्यांखाली पट्टी घालावी.

इथे एक तांत्रिक खाच आहे. देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा त्याच्यापुरती असते आणि शेजारच्या अक्षराच्या शिरोरेषेवर थोडी चढलेली असते. पडद्यावर ती एकसंध दिसते. पण मशीन प्रत्येक अक्षराची कड वेगळी कापतं आणि शिरोरेषा प्रत्येक सांध्यावर छेदली जाते. म्हणून कापण्याआधी सगळी अक्षरं एकत्र निवडून वेल्ड किंवा युनियन ही आज्ञा द्यायलाच हवी. तिने आतल्या रेषा नाहीशा होतात आणि बाहेरची एकच कड उरते. काही कटिंग सॉफ्टवेअरला जोडाक्षरंही नीट लावता येत नाहीत. ऱ्हस्व इकार अक्षराच्या मागे जाऊन बसतो, 'क्ष'चे 'क' आणि 'ष' होतात. अशा वेळी शब्द इंकस्केपमध्ये टाइप करून त्याचं रेषांत रूपांतर करावं आणि एसव्हीजी करून मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये आणावा.

साचा कापताना तीच शिरोरेषा अडचण करते. 'प', 'म', 'य', 'स' या अक्षरांत शिरोरेषा, काना आणि अक्षराचं वळण यांनी मधली जागा चहूबाजूंनी वेढली जाते. 'व' आणि 'ब' यांचं पोट तर आधीच बंद असतं. भोक पाडताना मधला कागद सुटून पडतो आणि रांगोळीत 'प'च्या जागी भरीव ठोकळा उमटतो. अशा सुट्या भागाला बेट म्हणू. बेटाला किनाऱ्याशी बांधायला २-३ मिलिमीटर रुंदीची पट्टी ठेवावी लागते. 'प'मध्ये ती शिरोरेषेत ठेवली तर डोळ्याला सर्वांत कमी खुपते.

ही अडचण मशीनच्या कितीतरी आधीची आहे. मथुरा-वृंदावनच्या सांझी कलेत कागदाच्या साच्यांतून रंग गाळून कृष्णलीलेची चित्रं रेखतात. तिथले कारागीर कुठे पट्टी ठेवायची हे ठरवूनच कात्री लावतात आणि एका चित्राचे अनेक साचे करून एकाच्या पट्ट्यांची जागा दुसऱ्याने भरतात. जपानमध्ये कापड रंगवण्यासाठी कातागामी नावाचे साचे कापत. ईसे परिसरातलं सुझुका हे त्याचं प्रसिद्ध केंद्र. तुतीच्या सालीचा कागद कच्च्या पर्सिमन फळाच्या रसाने चिकटवून मजबूत करायचा आणि त्यावर केसाएवढ्या बारीक रेषा कापायच्या. नक्षी इतकी नाजूक असे की पट्ट्या ठेवायला जागाच उरत नसे. तेव्हा कारागीर साच्याच्या दोन थरांमध्ये रेशमाचे धागे ताणून बसवत. धागे बेटांना धरून ठेवत आणि इतके बारीक असत की रंग त्यांच्या खालून पसरून कापडावर त्यांची खूण उमटत नसे. कापणं आणि जोडून ठेवणं ही एकाच कलेची दोन अंगं आहेत, हे या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलं.

एक कंदील

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहू. सहा बाजूंचा आकाशकंदील करायचा आहे आणि त्यावर वारली नक्षी हवी आहे.

बारा इंची मॅटवर प्रत्यक्ष कापण्याची जागा साधारण २९ सेंटिमीटर मिळते. कंदिलाची एक बाजू ९ सेंटिमीटर रुंद आणि २४ सेंटिमीटर उंच धरली, तर तीन बाजू आणि चिकटवायला १ सेंटिमीटरची पट्टी मिळून २८ सेंटिमीटर होतात. म्हणजे दोन कागदांत कंदील बसतो. ए-३ आकाराचं, २२० ते २५० जीएसएमचं गेरूच्या रंगाचं कार्डशीट घ्यावं आणि २९.७ सेंटिमीटरची बाजू तशीच ठेवून लांबी कापून कमी करावी.

वारली चित्रं गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात. गेरूच्या रंगाच्या कागदात आकृत्यांची भोकं पाडून आत दिवा लावला की तोच पांढरा-तांबडा मेळ उजेडात दिसतो. म्हणजे हा कंदील साच्याच्या नियमाने कापायचा आहे. वारली माणसाचं धड दोन त्रिकोणांचं असतं आणि ते कमरेशी टोकाला टोक लावून जोडलेले असतात. तिथे दोन्ही भोकं नेमकी टेकली तर शेजारच्या कागदाची टोकदार अणी उरते आणि ती वाकते. दोन त्रिकोणांत २ मिलिमीटर कागद सोडावा. लांबून कंबर जोडलेलीच दिसते. डोकं आणि धड यांच्यातही तसंच करावं.

खरी परीक्षा तारपा नृत्याची. हातात हात गुंफलेल्या नर्तकांचं कडं पूर्ण गोल काढलं आणि त्यांचे हात सलग भोकं म्हणून कापले, तर कड्याच्या आतला सगळा कागद, मधल्या तारपावाल्यासकट, चकतीसारखा खाली पडेल. उपाय मूळ चित्रातच आहे. तारपा नृत्यात साखळीला आरंभ आणि शेवट असतो आणि चित्रात ती बहुधा उलगडत्या वळणाने काढलेली असते. साखळी तशीच उघडी ठेवावी, शिवाय दर तीन-चार नर्तकांनंतर हातांच्या रेषेत २ मिलिमीटरचे खंड ठेवावेत. तेवढ्यावर सगळी नक्षी उभी राहते.

घड्यांच्या जागी सरळ रेघ कापायची नाही. ३ मिलिमीटर कापलेली आणि २ मिलिमीटर सोडलेली अशी तुटक रेघ द्यावी, म्हणजे घडी धारदार पडते. घडीच्या दोन्ही बाजूंना ८ मिलिमीटरपर्यंत नक्षी नको, कारण कंदिलाचा सगळा भार तिथे येतो. कापण्याचा क्रमही पाहावा. आधी आतली भोकं, मग घड्या आणि शेवटी बाहेरची कड. बाहेरची कड आधी कापली तर कागद हलतो.

कापून झाल्यावर कागद मॅटवरून ओढून काढू नये. मॅट पालथी करावी आणि कागद टेबलाशी हाताने दाबून धरून मॅटच वाकवत उचलत जावी. कागद सपाट राहतो. उलट केलं तर कार्डशीट कायमचं वळतं आणि बारीक पट्ट्या तुटतात. आतून पांढरा पतंगी कागद चिकटवावा, दोन भाग जोडावेत आणि आत एलईडीचा दिवा सोडावा. जुन्या तारेच्या बल्बची उष्णता कागदाला सोसत नाही.

कागद, विनाइल, कापड

२३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्र सरकारने प्लास्टिक आणि थर्मोकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली. तापलेल्या तारेने थर्मोकोल कापून मखरं करणाऱ्या अनेकांना त्यानंतर कागद, पुठ्ठा आणि कापड यांच्याकडे वळावं लागलं. घरगुती मखरासाठी कार्डशीटची जाळी हा चांगला पर्याय आहे. मशीनची रुंदी फूटभरच असल्याने मखर तुकड्यांत कापून जोडावं लागतं आणि सांधे नक्षीच्या रेषेतच लपतील असे ठरवावे लागतात.

गणपतीची तयारी ऐन पावसाळ्यात होते आणि कागद हवेतला ओलावा शोषतो. ओलसर कागदाचे तंतू मऊ पडतात. ते कापले जाण्याऐवजी ओढले जातात आणि कड लवदार होते. कार्डशीट प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद ठेवावं. मॅटचा चिकटपणाही धूळ आणि कागदाच्या कणांनी कमी होतो. कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाचे थेंब घेऊन हलक्या हाताने मॅट धुतली आणि हवेवर वाळवली की तो बराचसा परत येतो.

टी-शर्टवर उष्णतेने चिकटवायचं विनाइल उलट्या बाजूने कापतात, म्हणून अक्षरं आरशात दिसतात तशी फिरवून घ्यावी लागतात. त्यानंतर सुमारे १५० अंश सेल्सिअसला १०-१५ सेकंद दाब द्यायचा. इस्त्री वापरायची असेल तर वाफ बंद हवी. नेमकं तापमान विनाइलच्या पुड्यावर लिहिलेलं असतं, तेच पाळावं.

आणखी एक इशारा. पीव्हीसी विनाइल पात्याने कापायला हरकत नाही. पण तीच फाइल आणि तेच विनाइल लेझर मशीनवर कधीही लावू नये. जळताना पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो फुप्फुसांना घातक असतो आणि मशीनलाही गंजवतो.

घेण्याआधी आणि घेतल्यावर

मशीन निवडताना त्याचं सॉफ्टवेअर आधी पाहावं. इंटरनेट नसताना ते चालतं का, आपली स्वतःची एसव्हीजी फाइल मोफत घेतं का, हे विचारावं. २०२१ च्या मार्चमध्ये क्रिकटने वर्गणी न भरणाऱ्यांना महिन्याला २० च फाइली चढवता येतील असं जाहीर केलं होतं. ग्राहकांनी एवढा विरोध केला की त्याच महिन्यात कंपनीने तो निर्णय मागे घेतला. विकत घेतलेलं यंत्र दुसऱ्याच्या सर्व्हरवर अवलंबून असेल तर त्याचे नियम आपल्या हातात राहत नाहीत, हे त्या प्रसंगातून सगळ्यांना दिसलं.

फॉन्ट निवडताना मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' आहेत का ते तपासावं. मुंबईच्या एक टाइप संस्थेचे 'मुक्ता' आणि 'बलू' हे फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत आणि त्यांचे जाड वाण कापायला चांगले. याच संस्थेचा 'मोदक' फार गुबगुबीत आणि देखणा आहे, पण त्यातल्या पोकळ्या रेघेएवढ्या बारीक आहेत, त्यामुळे तो मोठ्या आकारातच कापावा. बाजारात खपणारी सिनेमातली किंवा कार्टूनमधली पात्रं कापून विकणं कॉपीराइट कायद्याच्या विरुद्ध आहे. वाहनांच्या नंबरप्लेट तर घरी कापूच नयेत. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची आहे आणि तिच्यावर आपल्या आवडीची अक्षरं लावता येत नाहीत.

तयार फाइली इंटरनेटवर हव्या तेवढ्या मिळतात. त्यांवर हात बसवायला हरकत नाही, पण त्यांवरच थांबू नये. त्या बहुतेक रोमन लिपीच्या आणि दुसऱ्या देशांच्या सणांच्या असतात. आपल्या दारावरची रांगोळी, आजीच्या पैठणीचा मोर, वाड्याच्या गवाक्षातली जाळी अजून कुणी फाइलीत उतरवलेली नसेल, तर ते काम आपलं आहे. एक कोरा कागद घ्या, आवडीची नक्षी पेन्सिलीने काढा आणि राहणारा भाग रंगवून टाका. मग रंगावर बोट ठेवून, ते न उचलता सगळीकडे जाता येतं का ते पाहा. जाता आलं तरच मशीन सुरू करा.